वस्तादांची हवा

शववाहिकेचा हीटर गार वारा सोडत होता आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघाला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी घडायला नकोत, एवढं सुतकीलाही कळत होतं. हीटर काही स्वतःच्या खिशातून ऊब देत नाही. इंजिनात तापलेलं पाणी फिरत फिरत त्याच्याकडे येतं, तेव्हा कुठे तो गरम हवा सोडतो. इथे इंजिनाला सणकून ताप भरला होता आणि हीटरला त्याचा पत्ताच नव्हता.

"हीटर लाव की रे जरा," शेजारी बसलेल्या काकू शाल आवळत म्हणाल्या.

"लावलाय, काकू."

"मग हा वारा कुठनं येतोय?"

"हीटरमधनंच."

काकूंनी जाळीवर हात धरला, काढून घेतला आणि गप्प बसल्या. मेकॅनिकची बायको गप्प बसते तेव्हा बिघाड मोठा असतो.

सुतकी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण शववाहिका चालवणाऱ्याचा चेहरा जसा लागतो, नेमका तसा चेहरा त्याला जन्मतःच मिळाला होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो असा उभा होता, की बघणारा आधी "कोण गेलं?" असं विचारायचा. नोकरीत त्याने दोनच नियम पाळले होते. एक, घाई करायची नाही. दोन, मागे बघायचं नाही. कुणी काही विचारलं की तो म्हणायचा, "मागं काय आहे ते मी बघत नाही. माझं काम पुढं बघायचं."

आज मात्र मागच्या पेटीत वस्ताद होते.

वस्ताद म्हणजे गॅरेजवाले वस्ताद. देहाने दणकट. खरं तर दणकट हा शब्द त्यांच्यापुढे हडकुळा वाटायचा. गाडीखाली ते कधी शिरले नाहीत, कारण त्यांच्या मापाची गाडी अजून निघालेली नव्हती. पण हात असा, की बंद गाडीच्या बॉनेटवर नुसता ठेवला तरी तिला आपली चूक कळावी. सगळ्या भागात वस्तादांची हवा होती. ही शववाहिकासुद्धा त्यांच्याच हातची. नवी असल्यापासून तिच्या बॉनेटखाली दुसऱ्या गॅरेजच्या कुणी बोट घातलं नव्हतं.

आणि वस्तादांचा एक शब्द होता. "माझ्या हातची गाडी टोचन लावून जाणार नाही." बंद पडलेल्या गाडीला दोर नाहीतर हूक लावून दुसऱ्या गाडीने फरफटत न्यायचं, त्याला म्हणतात टोचन. वस्तादांना तो शब्द शिवीसारखा लागायचा. त्यांच्या गॅरेजमधून गाडी गेली ती स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या दमावर गेली.

म्हणून सकाळी घरातून निघताना काकूंनी सुतकीचा हात धरला होता. रडून झालं होतं, आवाज कोरडा होता. "एकच सांगते. रस्त्यात काय वाटेल ते होऊ दे, ह्यांना टोचन लावून न्यायचं नाही. आणि त्याच्या हातून तर मुळीच नाही."

"नाही नेणार, काकू," सुतकी म्हणाला होता. या चेहऱ्याने दिलेला शब्द माणसाला खराच वाटतो.

'त्याच्या' म्हणजे टोचनवाल्याच्या. जुन्या जीपवर क्रेन बसवून रस्त्यात पडलेल्या गाड्या उचलायचा त्याचा धंदा. देहाने तोही वस्तादांच्याच वजनगटातला. रोज सकाळी तो गॅरेजसमोर जीप हळू करायचा, हूक मुद्दाम हेलकावे खाईल असा, आणि हाक मारायचा, "वस्ताद, आहे का काही?"

बॉनेटमधून डोकं वर न काढता वस्ताद म्हणायचे, "आज नाही. उद्या या."

तो उद्या कधी उगवला नाही. केस पिकले, क्रेन गंजली, पण टोचनवाल्याला वस्तादांची एक गाडी मिळाली नाही. आज तो अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे जीप घेऊन येत होता. माणुसकी म्हणून, असं तो म्हणाला. हूक त्याने पुसून चकचकीत केला होता. तोही माणुसकी म्हणूनच असणार.

काटा लाल पट्टीला टेकला, एकदम खाली पडला आणि पुन्हा वर चढला. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. आधी उदबत्तीच्या धुरासारखी शिस्तीत, मग बंबासारखी. समोरून येणारी माणसं थबकली. एकाने टोपी काढली. त्याला वाटलं, आजकाल अशीच पद्धत असेल.

सुतकीने गाडी कडेला घेतली. रस्ता असा सपाट, की वर गोटी ठेवली तर ती तिथेच म्हातारी व्हावी. मागची सगळी वरात, चुकलं, सगळी यात्रा थांबली आणि मोटारसायकलींवरून, गाड्यांमधून माणसं उतरली. सगळे मेकॅनिक. सगळे पांढऱ्या स्वच्छ शर्टात. काकूंनी काचेतून पाहिलं आणि पुटपुटल्या, "कोण आहेत रे ही माणसं?"

"आपलीच आहेत, काकू. धुतलीयेत आज."

सगळ्यांत आधी पोचला रेडिएटरवाला. पाठोपाठ फिटर आणि वायरमन. तिघे वस्तादांच्याच हाताखाली शिकलेले. तिघे बॉनेटपुढे हात जोडून उभे राहिले. नमस्कार वस्तादांना होता की इंजिनाला, ते कळत नव्हतं.

"काय लक्षणं?" रेडिएटरवाल्याने खालच्या आवाजात विचारलं.

"हीटर गार. इंजिन गरम," सुतकी म्हणाला.

"कालपासनं?"

"काल तर तुम्हीच केली ना सगळी."

इथे तिघेही जमिनीकडे बघू लागले. कारण काल असं झालं होतं, की वस्ताद गेल्याचं कळल्यावर प्रत्येकाला वाटलं, वस्तादांची शेवटची फेरी आहे, गाडी फर्स्टक्लास पाहिजे. मग रेडिएटरवाल्याने सगळं जुनं पाणी काढून रेडिएटर धुतला आणि नवं पाणी भरलं. फिटरने पाण्याच्या पंपाचा पट्टा बदलला. वायरमनने पंख्याचा स्विच नवा बसवला. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. तिघांनी मिळून ती इतक्या मायेने नीट केली, की ती बिघडली.

"माझा पट्टा टाईट आहे," फिटर बॉनेट उघडता उघडता म्हणाला. अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"माझा पंखा फिरतोय," वायरमन म्हणाला. आणि खरंच तो फिरत होता, अगदी तन्मयतेने.

"म्हणजे माझा रेडिएटर?" रेडिएटरवाल्याचा आवाज चढला. "धुतलाय मी तो! आतनं असा स्वच्छ केलाय, की दात घासून घ्यावेत."

"हळू बोल. वस्ताद आहेत मागं."

"वस्ताद असते तर त्यांनी आधी तुझा पट्टा बघितला असता."

"बघू दे की! टाईट आहे म्हणतोय ना!"

एवढ्यात काकूंचे दीर पुढे आले. वस्तादांचे धाकटे भाऊ. गाड्यांतलं त्यांना काही कळत नसे, पण वेळेतलं सगळं कळे. "काय चाललंय? पुढं लोक ताटकळलेत."

"झाकण उघडून बघायला लागेल," फिटर गंभीरपणे म्हणाला.

दिरांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा मागच्या पेटीकडे पाहिलं. "पुन्हा? अरे, सगळ्यांनी दर्शन घेतलं ना घरी?"

"रेडिएटरचं झाकण, भाऊ."

"मग उघडा."

"आत्ता नाही. आत उकळतंय अजून. आत्ता उघडलं तर उसळून अंगावर येईल."

मागच्या गाडीतून वस्तादांच्या एक वयस्क आत्या नुकत्याच उतरल्या होत्या. त्यांच्या कानावर एवढंच शेवटचं वाक्य पडलं. त्या पुन्हा गाडीत जाऊन बसल्या आणि आतून काच वर केली.

इंजिन निवेपर्यंत तपासणी झाली. अशी गंभीर तपासणी, की एखाद्या दवाखान्याने शिकून घ्यावी. फिटरने ऑइलची पट्टी काढून डोळ्यांपुढे धरली. ऑइलात पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं पांढरं झालं असतं. ते काळंभोर होतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इंजिनाचं काळीज शाबूत होतं. मग रेडिएटरवाल्याने शर्टाची बाही न सरसावता आत हात घातला आणि एकेक पाइप चाचपला.

"वरचा पाइप गार."

"गार?"

"गार. हीटरचे दोन्ही पाइप गार. आणि इंजिनावर हात ठरत नाही."

"म्हणजे पाणी फिरतच नाहीये," फिटर म्हणाला. "एका जागी बसून उकळतंय."

"का फिरत नाहीये?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं.

"हवा धरलीय."

"कुणी?" दिरांनी विचारलं.

"गाडीनं. काल पाणी भरताना आत हवा कोंडून राहिली, भाऊ. हीटर सगळ्यात वर असतो. हवेचा बुडबुडा वर जाऊन तिथं बसला. आता तो पाण्याला पलीकडं जाऊ देत नाही."

"एवढंसं कारण? मग काढा की तो बुडबुडा."

"काढायचा म्हणजे गाडीचं नाक वर पाहिजे. चढावर उभी करायची, झाकण उघडं ठेवायचं, हीटर फुल्ल ठेवायचा आणि पाणी ओतत राहायचं. हवा झाकणातनं निघून जाते."

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याला चढ माहीतच नव्हता.

"जॅक लावा," वायरमन म्हणाला.

"जॅक आहे," सुतकी म्हणाला.

"कुठं?"

"वस्तादांच्या खाली."

बाकीच्या गाड्यांचे जॅक या वजनाला कमी पडणारे, आणि हा पेटी रस्त्यावर उतरवल्याशिवाय निघणारा नव्हता. 

नेमकं तेव्हाच टोचनवाला आला. जीप त्याने अगदी हळू, पावलं मोजल्यासारखी आणून शववाहिकेच्या मागे उभी केली. उतरण्याआधी क्रेनवरचा पिवळा दिवा स्वतःच्या हाताने बंद केला. तेवढी रीत त्याला होती. काकूंच्या खिडकीपाशी येऊन तो हात जोडून उभा राहिला.

"वहिनी, वाईट झालं."

"हं."

"गाडी... बंद पडली वाटतं."

"थांबलीय," काकू म्हणाल्या.

"हां, थांबलीय. तेच म्हणतो मी." इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी समोर होती, आणि त्याला ते तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं. "म्हटलं, आपली जीप आहे इथंच. हूक लावला की... अलगद नेतो. कळणारसुद्धा नाही त्यांना."

"त्यांना कळेल," काकू म्हणाल्या.

दीर मध्ये पडले. "वहिनी, अहो, लोक थांबलेत. हट्ट कशापायी? माणूस गेला. आता त्याला टोचन काय आणि विमान काय."

काकूंनी दिरांकडे असं पाहिलं, की ते टोचनवाल्याच्या मागे सरकले. तिथे जागा भरपूर होती.

"भाऊजी, तो माणूस आयुष्यभर तापाच्या अंगानं गॅरेजात गेला, पण कुणाच्या गाडीला हूक लागू दिला नाही. आज त्यालाच फरफटत नेऊ?"

"नुसतं नाक उचलायचं म्हणतो मी," रेडिएटरवाला चाचरत म्हणाला. "त्याच्या क्रेननं नाक वर उचललं, तर हवा निघेल, काकू. ओढायचं नाही."

"हूक लागला म्हणजे लागला."

टोचनवाल्याने चकचकीत हुकाकडे पाहिलं आणि उगाच एक डाग पुसला.

सुतकी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. आपण सकाळी शब्द दिला, तेव्हा आपला चेहरा खरा वाटला असेल, पण आपण दिलेला शब्द मात्र आता रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभा आहे, असं त्याला वाटत होतं. आयुष्यात त्याने पोचवलं नाही असं एक माणूस नव्हतं. उशीर झाला म्हणून तक्रार करणारंही कुणी नव्हतं, ते सोडा.

"ते असते," काकू काचेतून बाहेर बघत स्वतःशीच म्हणाल्या, "तर असं पाणी भरताना निवांत मागं जाऊन बसले असते. डिकीवर. चहा पीत."

"हो ना," वायरमन हळहळला. "पाणी आम्ही ओतायचं आणि वस्ताद मागं बसून चहा प्यायचे. आम्ही म्हणायचो, थकतात आता..."

तो बोलता बोलता थांबला. रेडिएटरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. फिटरने दोघांकडे पाहिलं. तिघांची तोंडं हळूहळू उघडली.

"अरे देवा," रेडिएटरवाला म्हणाला. "ते बसले की मागचं खाली जायचं."

"आणि नाक वर."

"आणि आपण समजायचो चहा पितायत!"

"मी तर एकदा खुर्ची नेऊन दिली होती. म्हटलं, वस्ताद, डिकीवर कशाला, नीट बसा. मला आई काढून शिव्या दिल्या! मला वाटलं, साखर कमी झाली चहात."

इतकी वर्षं गॅरेजमध्ये एकाही गाडीने हवा धरली नव्हती, आणि ती कुठून निघून जायची हे कुणालाच कळलं नव्हतं. वस्तादांनी कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण चहा पिणाऱ्या माणसाला "आपण चहा का पिता" असं कोण विचारतं?

काकू दार उघडून खाली उतरल्या. "मग वाट कसली बघताय? त्यांना जरा मागं सरकवा."

शववाहिकेच्या आत पेटी सरकवण्यासाठी चाकांची पट्टी असते. सुतकीने मागचं दार उघडलं. सहा जण लागले. वस्ताद गडगडत मागे आले, शेवटच्या अडसराला टेकले, आणि गाडीचं मागचं अंग थोडं खाली बसलं.

"वर आलं का नाक?"

"आलं. पण बोटभर."

"बोटभर कसं? वस्ताद बसले की समोरून बंपरखालनं मांजर जायची."

"आजारपणात निम्मे झाले होते रे," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या. पेटीमागे दाराच्या काठावर एकाच्याच बसण्याइतकी जागा होती, आणि त्या भागात वस्तादांच्या जुन्या वजनाचा एकच माणूस उरला होता.

"मी?" टोचनवाला दोन पावलं मागे गेला. "मी माझ्या हातानं... आपलं, माझ्या बुडानं माझंच काम घालवू?"

"तुमची मर्जी," काकू म्हणाल्या. "जबरदस्ती नाही."

त्याने हुकाकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग जड पावलं टाकत तो आला, पेटीला पाठ टेकवून दाराच्या काठावर बसला, आणि शववाहिका अशी कण्हली की आतली फुलं हलली. पुढून फिटर ओरडला, "आलं! आलं नाक! मांजर जाईल!"

"हलू नका," रेडिएटरवाला म्हणाला. "पाणी आणा कुणीतरी."

पाणी होतं ते फुलांच्या बादलीत. वायरमनने खिशातला कोरा रुमाल काढून बादलीवर धरला आणि त्यातून पाकळ्या गाळून पाणी ओतायला सुरुवात केली. ओतलं तेही हळू, कारण निवत आलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी घालायचं नसतं. सुतकीने गाडी चालू केली आणि हीटर फुल्ल केला. फिटर वरचा पाइप दाबत होता, सोडत होता, दाबत होता. एव्हाना तिघांचे पांढरे शर्ट कोपरापर्यंत काळे झाले होते.

"आता ओळखू आलात रे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतला थर्मास काढला, कपात चहा ओतला आणि मागे नेऊन टोचनवाल्याच्या हातात दिला.

"नको, वहिनी. आत्ता कुठं..."

"प्या. चहाशिवाय निघायची नाही ती."

काकू पुढे निघून गेल्या. सुतकीच्या पाठीमागे, केबिनच्या जाळीपलीकडे, आता फक्त दोघेच होते. सुतकी नियमाप्रमाणे मागे बघत नव्हता. पण कानांना नियम नव्हता.

टोचनवाल्याने चहाचा घोट घेतला. मग घसा साफ करून, अगदी हळू, रोजच्याच सुरात म्हणाला, "वस्ताद... आहे का काही?"

इंजिन घरघरत होतं.

आणि पुढून, रेडिएटरच्या तोंडातून, पोटभर जेवलेल्या माणसासारखा एक लांबलचक, तृप्त ढेकर आला. घळ्ळक्!

टोचनवाल्याच्या हातातला चहा सांडला. मागच्या गाडीत आत्याबाईंनी दुसरीही काच वर केली.

"निघाली!" रेडिएटरवाला नाचायचाच बाकी होता. "निघाली हवा! पाणी बघ कसं गपकन खाली गेलं! ओत, ओत अजून!"

आणखी दोन लहान ढेकर आले, मग नुसतंच शहाण्यासारखं पाणी. काटा लाल पट्टी सोडून मध्यावर आला आणि तिथे मांडी घालून बसला. काकू पुन्हा शेजारी येऊन बसल्या. हीटरच्या जाळीतून आधी दमट, मग कोमट, मग चांगली गरम हवा आली. त्यांनी चपला काढून पाय पुढे केले. बोलल्या काही नाहीत. मेकॅनिकची बायको अशीही गप्प बसते.

वस्तादांना पुन्हा पुढे सरकवलं. झाकण लागलं, बॉनेट पडलं. निघायचं म्हणून सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले, तर टोचनवाला जीपमधून उतरून उभा.

"काय झालं?" दिरांनी विचारलं. एव्हाना त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं.

"चालू होत नाही," टोचनवाला म्हणाला. "बॅटरी उतरली. दिवा चालू राहिला असणार वरचा."

"कुठं? दिवा तर तुम्ही येतानाच..." वायरमन पुढे झाला. "थांबा, मी बघतो. दोन मिनिटांचं..."

"हात लावायचा नाही!" टोचनवाला असा कडाडला, की वायरमन जागीच थिजला. मग आवाज उतरवून, मान खाली घालून तो म्हणाला, "माझ्या जीपला कुणी हात लावायचा नाही. वेळ चाललाय. टोचन लावा."

"टोचन? कुठल्या गाडीनं?"

टोचनवाल्याने हात वर केला आणि बोट शववाहिकेकडे धरलं.

त्याचाच दोर, त्यानेच बांधला. गाठ चांगली ओढून बघितली. सुतकीने पहिला गिअर टाकला, दोर ताठ झाला, आणि त्या सपाट रस्त्यावरून, हीटर लावून, वस्ताद टोचनवाल्याला ओढत निघाले. फुटपाथवरची ओळखीची माणसं बघत राहिली. गॅरेजसमोरच्या दुकानदाराने हातातलं माप खाली ठेवलं. काकूंनी एकदाच मागे वळून पाहिलं. दोर, जीप, जीपमध्ये स्टिअरिंग धरून मान ताठ ठेवून बसलेला टोचनवाला. मग त्या पेटीच्या दिशेने हळूच म्हणाल्या, "बघितलंत का हो?"

सुतकीचा नियम होता, म्हणून त्याने बघितलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. काळ्या हातांच्या माणसांनी वस्तादांना खांद्यावर घेतलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर आता जागोजाग त्यांचा धंदा उमटला होता, आणि वस्तादांना तेच जास्त आवडलं असतं. काकू नीट उभ्या राहिल्या. सगळं उरकल्यावर माणसं पांगली. वायरमन जाता जाता म्हणाला, "संध्याकाळी बॅटरी घेऊन येतो," आणि टोचनवाला म्हणाला, "ये."

स्मशानाच्या फाटकापाशी शेवटी दोनच गाड्या उरल्या. पुढे शववाहिका, मागे जीप. सुतकी बसून होता, इंजिन थोडं निवू द्यावं म्हणून. मागे कुणीतरी दोर सोडून गुंडाळल्याचा आवाज आला. मग जीपचं दार लागलं. आणि मग एका चावीत, खोकलासुद्धा न काढता, जीप चालू झाली.

सुतकीची नजर चुकून आरशात गेली. आरशात टोचनवाला त्याच्याकडेच बघत होता.

जीप पुढे आली आणि खिडकीला खिडकी लागली. टोचनवाल्याने काच खाली केली. डोळे लाल होते. वाफेने झाले असतील.

"काय बघितलंस?" त्याने विचारलं.

"मागं काय आहे ते मी बघत नाही," सुतकी म्हणाला. "माझं काम पुढं बघायचं."

टोचनवाल्याने बराच वेळ मान डोलावली. "हीटर?"

"गरम आहे."

"असू दे." त्याने गिअर टाकला, जीप हलली, आणि जन्माची सवय कुठे जाते, खिडकीतून तोंड काढून तो म्हणाला, "आहे का काही?"

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. सुतकी आपल्या जन्मजात गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आज नाही. उद्या या."

शववाहिकेवाल्याने असं कुणाला म्हणू नये, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. टोचनवाल्याने एकदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि त्या जीपने आयुष्यात कधी गाठला नव्हता असा वेग गाठला.